लूप बँड: झाडीपट्टीच्या अख्ख्या सीझननंतरचा अनुभव

आधी माझं काम सांगतो, म्हणजे कुणासाठी लिहितोय ते कळेल. मी ऑक्टोपॅड वाजवतो. दिवाळी झाली की अमरावतीकडचं घर सोडायचं, वडशाला खोली करायची आणि होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांसोबत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया असं फिरत राहायचं. धान निघालं की गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुरू होतात आणि त्यांच्यासोबत नाटकं. संध्याकाळी गाडी निघते, रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो, पडतो तो उजाडता उजाडता. हिरो-हिरोईन निदान नाचतात तरी. आम्ही वाजवणारे रात्रभर एकाच खुर्चीवर, पाठीला पोक काढून.

जेवण नाटक ठेवणाऱ्या गावात कुणाच्या तरी घरी. भात, वरण, पातोडीचा रस्सा, आणि आग्रह. मग मध्यरात्री चहा-भजी. दिवसा झोप. अशा चार महिन्यांत माणूस सुटतो, मान आखडते. जिमची फी भरून उपयोग नाही, कारण जिम उघडी असते तेव्हा आपण झोपलेलो तरी असतो नाहीतर गाडीत तरी. म्हणून सीझनच्या तोंडावर लेटेक्सच्या पाच लूप बँडचा, म्हणजे ताणून व्यायाम करायच्या गोल रबरी पट्ट्यांचा, सेट मागवला. ४१ इंची, सगळ्यात बारीक पट्टा बोटाएवढा आणि सगळ्यात रुंद चार बोटांचा. सोबत दारात अडकवायचा अँकर, दोन हँडल आणि थैली. किंमत अमरावतीच्या साध्या जिमच्या दोनेक महिन्यांच्या फीएवढी.

पाचपैकी दोनच बँड कामाचे निघाले. पण ते दोन मी आता सोडणार नाही.

आमच्या भागात व्यायामाला सामान लागत नाही, हे लहानपणापासून ऐकत आलोय. १९१४ साली सुरू झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आमच्याच अमरावतीचं, आणि त्यांच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ नि व्यायाम करून दाखवले होते. सूर्यनमस्कार, दंड, बैठका मलाही येतात आणि वडशाच्या खोलीत तेवढी जागा होते. पण दंडात आपण जमीन ढकलतो. छाती, खांद्याची पुढची बाजू, दंडाची मागची बाजू, सगळं ढकलण्याचंच काम. बैठकांत मांड्या. स्वतःकडे ओढण्याचं काम यात कुठेच नाही. आखाड्यात ते मल्लखांब आणि दोर करतात, पण मल्लखांब काही टाटा मॅजिकमध्ये घालून नेता येत नाही. आणि रात्रभर पुढे वाकून वाजवणाऱ्याला नेमकी पाठीच्या वरच्या भागाची, खांद्याच्या मागच्या बाजूची ताकद लागते. ती जागा या बँडने भरली, आणि एवढ्यासाठीच तो घ्यावा. छाती-मांड्यांसाठी घेणार असाल तर पैसे वाचवा, दंड-बैठका फुकट आहेत.

आता दाराचा अँकर. तो बनवणाऱ्याने आमच्याकडचं दार पाहिलेलंच नाही. अँकर लागतो एकाच फळीच्या, घट्ट बसणाऱ्या दाराला. आमच्या गावात दोन फळ्यांचं लाकडी दार, मध्ये बोटभर फट, वर कडी-कोयंडा. शाळेच्या खोलीत उतरवलं तर पत्र्याचं दार, ते ओढलं की सगळी शाळा वाजते. पहिल्या आठवड्यातच अँकर थैलीच्या तळाशी गेला. मग कडुनिंब, मंडपाची बल्ली, उभ्या बैलगाडीचं जू, जे सापडेल ते. बल्लीला ओढायच्या आधी मंडपवाल्याला विचारा, शहाणे असाल तर. झाडाच्या खरबरीत सालीवर मात्र लेटेक्स घासून झिजतं, म्हणून बुंध्याला आधी दुपट्टा गुंडाळायचा आणि त्यावरून बँड. आरमोरीकडच्या एका गावात असा ओढत होतो, तर एक म्हातारे बाबा बराच वेळ पाहत उभे राहिले. शेवटी म्हणाले, “झाड उपडून रायले का जी? पाहा बरं, माहा आये ते.” मी त्यांच्या हातात टोक दिलं. धोतर सावरत त्यांनी असा ओढला, की माझ्या घरच्या सरावाची लाज वाटावी.

बँडवर छापलेल्या किलोंवर जाऊ नका. एका घरी धान मोजायचा हुकाचा काटा होता, त्याला बँड अडकवून पाहिला. लांबी दीडपट केली तर छापलेल्या मोठ्या आकड्याच्या जवळपासही काटा जाईना. दुपटीच्या पुढे ताणला तेव्हा कुठे तो दिसायला लागला. यात फसवणूक आहे असं नाही. रबराचा स्वभावच तो, जितकं ताणाल तितका जोर वाढतो. डंबेलचं वजन शेवटपर्यंत तेवढंच राहतं, बँड मात्र सुरुवातीला हलका आणि शेवटी भारी. पाठीच्या व्यायामात हे उलट फायद्याचं, कारण खांद्याची पाती एकमेकांजवळ येतात तिथेच जास्त जोर लागतो. आज किती पावलं मागे उभे राहिलो ते लक्षात ठेवायचं, पुढच्या वेळी अर्धं पाऊल वाढवायचं, हाच आपला हिशेब. पावलं नखाने मातीत खूण करून मोजली तरी चालतात.

टिकाऊपणाबद्दल. लाल बँड जानेवारीत गेला. तुटला नाही, चिकट झाला, मग त्यावर बारीक भेगा. कारण आमचा हिरो. पहाटे खोबरेल तेलाने मेकअप उतरवायचा आणि तेच हात न धुता “दे गा, दोन हात मारतो” म्हणत बँड ओढायचा. नैसर्गिक रबराला तेल खातं. ऊनही खातं. पॅकेटवरच्या सूचनांत यातलं एक अक्षर नाही, नुसती पिळदार दंडांची चित्रं. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तर ‘वापरामुळे झालेलं नुकसान’ असं उत्तर आलं. व्यायामाचं सामान वापरायचं नाही तर काय त्याची पूजा करायची? असो. भेग दिसली की तो बँड ओढणं बंद करा. तुटून तोंडावर आला तर डोळा जाईल.

थंडीची गोष्ट वेगळी. डिसेंबर-जानेवारीत वैनगंगेच्या काठची गावं पहाटे गारठतात, तेव्हा लेटेक्स कडक लागतं. मी दुपारी चारला, उठून चहा घेतल्यावर करतो. आधी सूर्यनमस्कार, मग बँड, अर्ध्या तासात मोकळा. नाटकाच्या रात्री मध्यंतरात सगळ्यात बारीक बँड दोन्ही हातांत धरून छातीसमोर ताणतो, मानेला बरं वाटतं. ऑर्गनवाले आधी हसले, आता तेच मागतात. तेल तेवढं लावत नाहीत.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण नुसत्या बँडने पोट जात नाही. खिशात फुटाणे ठेवायचे. शंभर ग्रॅममध्ये वीसेक ग्रॅम प्रथिनं, कुठल्याही मंडईत मिळतात, आणि मध्यरात्रीच्या भज्यांना नाही म्हणायला तोंडात काहीतरी लागतंच. सकाळी परतताना वडशाच्या टपरीवर उकडलेली अंडी, एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम. पावडरचे डबे घेऊन फिरणारे नट पाहिलेत, त्या डब्याच्या पैशात सीझनभराचे फुटाणे येतात. यजमानाच्या घरी भात कमी मागून चालत नाही, बाया रागावतात. वरण जास्त मागा, त्या खुश होतात.

चार महिन्यांत माझं वजन फारसं हललं नाही, तेही सांगतो. पण दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास मान धरायची आणि एखादी रात्र बदली वाजवणारा बोलवावा लागायचा, म्हणजे त्या रात्रीची नाइट, रात्रीचे पैसे, बुडायचे. यंदा तशी वेळ आली नाही. बँडचे पैसे तिथेच वसूल.

पाचचा सेट घेऊ नका. सुटे मिळतात, त्यातला सगळ्यात बारीक आणि त्याच्या वरचा एक सोडून पुढचा, असे दोन घ्या. रुंद काळा बँड माझ्याकडून दोन्ही पाय लावूनही नीट ताणला गेला नाही, तो सध्या साउंडवाल्याने स्पीकरच्या पेट्या बांधायला नेलाय. होळीनंतर घरी न्याल तेव्हा धुऊन, सावलीत वाळवून, टाल्कम पावडर लावून कापडात गुंडाळा आणि पत्र्याच्या पेटीत तर मुळीच ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. माझे दोन्ही खालच्या खोलीत धान्याच्या कोठीमागे आहेत. पाचपैकी तीन तारे, आणि कापलेल्या दोनपैकी एक त्या अँकरसाठी.