जुनं वायरिंग काढून नवीन करणारे साताऱ्यातले कॉन्ट्रॅक्टर, आमचा अनुभव

आमचं घर जुनं, माडीचं, अर्ध्या खोल्यांत अजून लाकडी पट्टीवरचं फिटिंग होतं. कापडी वेष्टणाची रबरी वायर, आणि ते रबर इतकं वाळलेलं की वायर नुसती वाकवली तरी कपचे पडायचे. आधी एक वायरमन येऊन गेला होता, तो म्हणाला जुनं राहू द्या, वरनं केसिंग (प्लास्टिकची पट्टी) मारून नवीन ओढून देतो, स्वस्तात होईल. त्याला नाही म्हटलं आणि ओळखीतून या काकांना बोलावलं, यांच्याकडे कॉन्ट्रॅक्टरचं सरकारी लायसन्स आहे आणि पोरांकडे वायरमनचे परवाने, न मागता दाखवले.

मला सगळ्यात आवडलं ते हे की सकाळी येऊन त्यांनी लगेच पक्कड चालवली नाही. कुठल्या बोर्डाची वायर कुठे जाते ते शोधून भिंतीवर खडूने नंबर टाकले, मग विचारलं इन्व्हर्टर कुठंय, कारण मेन बंद केला तरी इन्व्हर्टर त्याच्या लाइनवर २३० व्होल्ट देतच राहतो, आणि लोक हे हमखास विसरतात. इन्व्हर्टर बंद करून सोडवला, मेन पाडला, हँडलला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात.

त्याआधी एक गोष्ट त्यांनी माझ्या मुलाला मुद्दाम दाखवली, ती इथे लिहितेच कारण जुन्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. आमच्याकडे फेज (करंट येणारी वायर) आणि न्यूट्रल (परत जाणारी) दोन्हीवर किटकॅट फ्यूज, म्हणजे हाताने ओढून काढायचे चिनी मातीचे फ्यूज होते. काकांनी फक्त न्यूट्रलचा काढला, दिवा गेला, घरातल्या कुणालाही वाटलं असतं की लाइन बंद झाली. मग होल्डरला टेस्टर लावला तर टेस्टर पेटला! म्हणजे दिवा बंद आणि करंट तिथेच. स्वयंपाकघरात तर बटणच न्यूट्रलवर होतं, म्हणजे इतकी वर्षं बटण बंद करून बल्ब बदलत होतो तेव्हाही होल्डर जिवंत होता. अंगावर काटा आला.

म्हणून टेस्टर लावायचीही त्यांची पद्धत ठरलेली आहे, आधी चालू जागी लावून टेस्टर चालतोय ना बघायचं, मग कापायच्या वायरला, मग परत चालू जागी, आणि वर टेस्ट लॅम्पने खात्री. पट्ट्या उपटणं, खिळे काढणं, भोकं बुजवणं हे आम्ही घरच्यांनी केलं, पण त्यांनी दोन्ही टोकं सोडवून ‘आता हात लावा’ म्हटल्यावरच. भिंतीत गाडलेल्या काही वायरी निघेनात, त्या दोन्हीकडून सोडवून मोकळ्या केल्या, नुसत्या टेप गुंडाळून ठेवल्या नाहीत. मीटरला त्यांनी हात लावला नाही, तिथलं सील महावितरणचं, त्यांचाच माणूस येऊन बघून गेला.

नवीन कामात दिव्यांना दीड एमएम, प्लगला अडीच, गीझरला चार एमएमची वायर, प्रत्येक पॉइंटला अर्थिंग, एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट लीक झाला की लाइन तोडणारा स्विच). आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायला सांगितलंय. शेवटी मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून रीडिंग दाखवलं आणि टेस्ट रिपोर्ट सही करून दिला. जुन्या तांब्याची मोळी बांधून आमच्याच ताब्यात दिली, हे कोण करतं हो आजकाल!

तक्रारी म्हणाल तर फोन उचलत नाहीत, दुकानातच जावं लागतं, आणि वायरीसाठी भिंतीत झिऱ्या मारल्यावर प्लास्टर ओबडधोबड ठेवलं, गवंडी वेगळा बघावा लागला. रेट पॉइंटप्रमाणे, पहिल्या वायरमनपेक्षा बराच जास्त, पण मला एक रुपयाही जड वाटला नाही.

बोर्ड गरम लागत असेल, जळका वास येत असेल, फ्यूज सारखा उडत असेल किंवा ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरच्या घरी उघडून बघत बसू नका, मेन बंद करा आणि लायसन्सवाला माणूस बोलवा. आणि या काकांकडेच जाणार असाल तर गणपती झाले की लगेच सांगून ठेवा, दिवाळीच्या तोंडावर ते कुणालाच हो म्हणत नाहीत.