सीएसआर ग्रँट मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध रहा, आमच्या संस्थेचे पावणेदोन लाख गेलेत

मराठवाड्यातल्या छोट्या संस्थांनी हे नक्की वाचा आणि आपल्या खजिनदारालाही वाचायला द्या. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना सध्या सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाच्या, नावाने असे फोन येतायत.

आमची संस्था बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करते. दिवाळी झाली की आईबाप कोयत्यावर निघतात ते मार्च-एप्रिललाच परत, कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी कर्नाटकात, आणि पोरांची शाळा सुटू नये म्हणून ती आमच्याकडे राहतात. धान्य लोक देतात, कोणी वाढदिवसाला पाच हजार देतं, बाकी ओढाताण. त्यामुळे ‘एका मोठ्या कंपनीच्या फाउंडेशनने तुमची संस्था शॉर्टलिस्ट केलीय मॅडम, ४० लाखाची ग्रँट आहे’ असा फोन आला तेव्हा आमच्या ताईंच्या डोळ्यात पाणी आलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण त्या कंपनीचा ह्यात काही संबंधच नाही, नुसतं नाव वापरलेलं.

माणूस गोड बोलायचा. आमचे ऑडिट रिपोर्ट, १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीची प्रमाणपत्रं), ट्रस्ट डीड, पॅन सगळं मागवून घेतलं. मग म्हणाला सीएसआर-१ रजिस्ट्रेशन लागेल, त्याची सरकारी फी २५,००० आहे. आता हे नीट लक्षात घ्या, सीएसआर-१ हा फॉर्म १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे हे खरं, कंपनीकडून सीएसआरचं काम घ्यायचं तर तो नंबर लागतोच, पण त्याला सरकारची फी नाही. एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो, डिजिटल सही आणि सीएचं सर्टिफिकेट लागतं, म्हणजे खर्च काय तो सीएचा. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरची संस्थेची नोंदणी पण फुकट आहे, त्याचेही हे लोक पैसे सांगतात.

त्यानंतर लेटरहेडवर मंजुरीपत्र आलं, लोगो, गोल शिक्का, सही सगळं. मेल आयडीत कंपनीचं नाव होतं, फक्त पुढे एक जास्तीचा शब्द जोडलेला, तो फरक आम्हाला आमच्या सीएने नंतर दाखवला. मग प्रोजेक्ट रिपोर्टचे पैसे, मग एमओयूच्या (करारपत्राच्या) स्टॅम्प ड्युटीचे, मग ‘रिफंडेबल डिपॉझिट’. दरवेळी भाषा एकच, हे नाही भरलं तर आधीचं वाया जाईल आणि तुमचा नंबर दुसऱ्या संस्थेला जाईल. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन माणसाला बांधतो, ह्याने आमच्याकडूनच उचल घेऊन आम्हाला बांधून ठेवलं. सगळे मिळून १ लाख ७५ हजार गेले, किराण्याचे पैसे होते ते.

मधे ‘फील्ड व्हिजिट’ म्हणून दोघं गाडी घेऊन येऊन गेले. पोरांचे फोटो काढले, व्हिडिओ काढले, नावं विचारली. एका छोटीने त्यांना कविता म्हणून दाखवली. तेच फोटो पुढे व्हॉट्सअॅपवर फिरताना दिसले, आमच्या संस्थेचं नाव, आमचा ८०जी नंबर आणि खाली क्यूआर कोड भलत्याच कुणाच्या खात्याचा. पैसे गेल्याचं दुःख आहेच पण ह्याचा संताप जास्त आहे, कारण त्या पोरांचे आईबाप फडात होते, त्यांनी पोरं आमच्या भरवशावर ठेवलेली. म्हणून सांगते, मुलांचे, एकल महिलांचे, आजारी माणसांचे फोटो आणि नावं कुणालाही देऊ नका, कितीही मोठा देणगीदार म्हणवत असला तरी. कागदपत्रं पाठवताना प्रत्येक पानावर कुणासाठी आणि कशासाठी दिलीत ते तारखेसह आडवं लिहा.

शेवटी त्याने खरं काय ते काढलं. ४० लाख खात्यात येतील, त्यातले १६ कॅशमध्ये परत करायचे, ‘वरच्यांना’ द्यावे लागतात, बिलं आम्ही बनवून देऊ. ताईंनी तिथंच नाही म्हणून सांगितलं. त्यावर ह्याने धमकी दिली की तक्रार केलीत तर धर्मादाय आयुक्तांकडे तुमचंच नाव जाईल. पुष्कळ संस्था इथं घाबरून गप्प बसतात आणि हे त्यांना बरोबर माहीत असतं.

खरा मामला कसा असतो ते ऐका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठराविक नफा, उलाढाल किंवा नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावेच लागतात, बोर्ड प्रोजेक्ट मंजूर करतं, ते कंपनीच्या वेबसाइटवर टाकावं लागतं, आणि पैसा ठरलेल्या कामावर गेला हे सीएफओला (कंपनीच्या आर्थिक प्रमुखाला) लिहून द्यावं लागतं. ह्यात कॅश परत जायला जागाच नाही, खोटी बिलं लावली तर अडकणार तुमचे विश्वस्त. कुठल्या कंपनीने कुठे किती खर्च केला ते सरकारच्या सीएसआर पोर्टलवर बघता येतं. मंजुरीपत्र आलं की कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून फोन लावा, पत्रावरचा नाही. परदेशी ट्रस्टचे डॉलर देतो म्हणणारे वेगळेच, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर तो पैसा घेताच येत नाही, आणि दुसऱ्या संस्थेच्या खात्यातून फिरवून देणं २०२० च्या दुरुस्तीने बंद झालंय.

२०२५ च्या सुरुवातीला केरळात उघड झालेलं प्रकरण बघा, सीएसआरच्या नावावर अर्ध्या किमतीत स्कूटर, लॅपटॉप, शिलाई मशीन देतो म्हणून किती बायकांचे पैसे घेतले, आणि पुढे कोणाला केलं तर गावातल्या संस्थांनाच.

पैसे गेल्या गेल्या १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, लवकर कळवलं तर समोरचं खातं गोठवता येतं. आम्ही १९३० वर नोंदवलं, सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली, धर्मादाय कार्यालयाला आमच्या नावाने खोटी वर्गणी चालू असल्याचं स्वतःहून पत्र दिलं, त्याची पोच घेतली. परवा परभणीकडच्या एका संस्थेच्या काकांचा फोन आला, त्यांच्याकडे पण तसंच पत्र आहे, शिक्का तोच, फक्त कंपनीचं नाव दुसरं. दोन्ही तक्रारी एकत्र जोडायचा अर्ज दिलाय. तुमच्याकडे असं पत्र असेल तर ते, बँकेच्या नोंदी आणि कॉल रेकॉर्डिंग काही डिलीट करू नका, तुमच्या सायबर ठाण्यात तक्रार द्या आणि बीडलाही अशीच तक्रार आहे हे त्यात लिहा.