महाखनिज: रस्त्यावर दक्ष, नदीपात्रात अपुरे

सोलापूर जिल्ह्यात घर बांधायला काढणाऱ्या प्रत्येकाचा राज्य शासनाच्या ‘महाखनिज’ या ऑनलाइन प्रणालीशी कुठे ना कुठे संबंध येतोच. बांधकामावर ज्याला ईटीपी किंवा नुसती रॉयल्टीची पावती म्हणतात, तो वाळू, मुरूम, खडी यांच्या वाहतुकीचा परवाना तिथूनच निघतो. ही सेवा वापरायला किती सोपी आहे हे महत्त्वाचे आहेच. परंतु चोरटे उत्खनन रोखण्याचे जे काम तिच्याकडे सोपवले आहे, त्या कामात ती कितपत उतरते हे पाहणे मला अधिक गरजेचे वाटते.

ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर सेवा निश्चितच उपयोगी आहे. कागदी पावतीच्या काळात एकाच पावतीवर अनेक खेपा मारणे सोपे होते. आता परवाना खेपेगणिक निघतो आणि त्यावर वाहन क्रमांक, खनिजाचा प्रकार, ब्रासमधील परिमाण, माल कुठून निघाला व कुठे जाणार, तसेच परवान्याची मुदत नोंदवलेली असते; शिवाय वाहनाला जीपीएस बंधनकारक आहे. माल उतरवून घेण्यापूर्वी परवान्यावरचा क्रमांक आणि समोरच्या टिपरचा क्रमांक जुळतो का, मुदत उलटून गेली आहे का, एवढे तरी पाहावेच. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यामुळे ट्रॉलीची लांबी, रुंदी व उंची मोजली की परवान्यापेक्षा जास्त माल भरला आहे का, हेही लगेच कळते. पावती मागणाऱ्याला “पावतीचं काय करायचंय?” असे विचारणाऱ्या पुरवठादाराकडून माल घेऊच नये, मग तो ब्रासमागे कितीही स्वस्त देत असला तरी.

मात्र ही प्रणाली नोंद ठेवते ती वाहनाची; नदीपात्रातून नेमके किती उपसले, हे तिला परवान्यांच्या बेरजेवरूनच समजते. जो माल परवान्याशिवाय निघाला, तो त्या बेरजेत येतच नाही. उपग्रहाच्या चित्रांवरून खाणींवर लक्ष ठेवण्याची यंत्रणा केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केली, पण ती प्रामुख्याने लोहखनिजासारख्या मोठ्या खनिजांसाठी; वाळू आणि मुरूम गौण खनिजांत मोडतात. पाण्याखालून सक्शन पंपाने किंवा यारीने, म्हणजे माल वर खेचणाऱ्या यंत्राने, काढलेली वाळू आकाशातून दिसणेही अवघड असते. प्रत्यक्ष पात्राची मोजणी हाच त्यावरचा उपाय आहे, आणि तो काही नवा नाही. केंद्राच्या २०१६ आणि २०२० च्या वाळू उत्खननविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये पात्राची पातळी मोजणे, दरवर्षी नव्याने किती वाळू येते याचा अभ्यास करणे आणि ठरलेल्या खोलीपलीकडे न जाणे, या गोष्टी सांगितलेल्या आहेत. जिल्हा सर्वेक्षण अहवालही याच हेतूने तयार केला जातो.

आपल्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात याची किंमत मोठी आहे. भीमा, सीना आणि माण या नद्यांच्या पात्रातील वाळूचा थर पाणी धरून ठेवतो आणि काठच्या विहिरींना ते हळूहळू देत राहतो. तो थर निघाला की पात्र खाली जाते, विहिरींची पातळी त्यामागे उतरते, काठ ढासळतात आणि बंधाऱ्यांचे पाये उघडे पडतात. सोलापूर शहरासाठी औज बंधाऱ्यापर्यंत उजनीतून भीमेत वर्षानुवर्षे पाणी सोडले जात आले आहे. उपशाने पडलेले वाटेतले खड्डे आधी भरल्याशिवाय ते पाणी पुढे सरकत नाही. पंढरपुरात चंद्रभागेत स्नानाला उतरलेल्या वारकऱ्याला वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली एकाएकी खोल खड्डा लागतो, तेव्हा तर हा प्रश्न थेट जिवाचा होतो.

कायदा दुबळा आहे असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली अवैध मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आकारता येतो, आणि पकडलेला ट्रॅक्टर सोडवायला १ लाख, तर उत्खनन यंत्र सोडवायला साडेसात लाख रुपये मोजावे लागतात. कमकुवत दुवा आहे तो कारवाईला जाणाऱ्या माणसाच्या पाठबळाचा. माढा तालुक्यातील कुर्डू येथे २०२५ मध्ये मुरूम उत्खननावरील कारवाईच्या वेळी एका महिला पोलीस अधिकाऱ्याला थेट वरून आलेल्या दूरध्वनीची चर्चा राज्यभर झाली. तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांना तर रात्रीच्या वेळी पात्रात उतरताना एवढ्या प्रसिद्धीचेही संरक्षण नसते. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटच्या बाजूला भीमा हीच कर्नाटकची हद्द असल्याने पलीकडच्या काठावर गेलेल्या वाहनापुढे इथल्या पथकाचे हात बांधले जातात. तिथे दोन्ही राज्यांच्या संयुक्त पथकाशिवाय काही साधणार नाही.

वाळूला पर्याय म्हणून खडीपासून तयार होणारी कृत्रिम वाळू घेणे नदीसाठी निःसंशय चांगले. फक्त ती ज्या खाणीतून आली तिचा परवानाही तितक्याच काटेकोरपणे पाहावा. पाचपैकी गुण द्यायचे तर परवान्याच्या सेवेला मी चार देईन आणि उत्खननावरील देखरेखीला दोन. वाळू उपशासाठी ठरवलेल्या प्रत्येक घाटाची लिलावापूर्वीची व पावसाळ्यापूर्वीची मोजणी, नकाशासह आणि गावाच्या नावाने, याच संकेतस्थळावर सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध झाली, तर दुसरा आकडा मी आनंदाने वाढवीन.