बेदाण्याच्या उठावाचा अंदाज: फोरकास्ट शीट की प्रॉफेट?

सांगलीत बेदाणा पॅकिंग करणाऱ्याला वर्षाचा मोठा निर्णय उन्हाळ्यातच घ्यावा लागतो: सौद्यात किती माल उचलायचा, त्यातला किती शीतगृहात ठेवायचा आणि तो कधी बाहेर काढायचा. या नियोजनाला सांख्यिकी अंदाजाची जोड द्यायचे ज्यांनी ठरवले आहे, पण साधन कोणते हे ज्यांचे ठरलेले नाही, त्यांच्यासाठी मी स्वतः वापरलेल्या दोन पर्यायांविषयी लिहीत आहे. पहिला एक्सेलमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून मिळणारी फोरकास्ट शीट, जिच्या मुळाशी होल्ट आणि विंटर्स यांची जुनी पद्धत आहे, म्हणजे मागच्या आकड्यांतला कल आणि ठरावीक महिन्यांनी परतणारा चढउतार पुढे नेण्याची. दुसरा फेसबुकने २०१७ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला प्रॉफेट, जो पायथन किंवा आर या प्रोग्रामिंगच्या भाषांतून चालवावा लागतो.

सोयीच्या बाबतीत फोरकास्ट शीट निर्विवाद सरस आहे. महिना आणि विक्री असे दोन स्तंभ दिले की काम होते, आणि आमचे हिशेबनीस ते कोणाच्याही मदतीशिवाय करतात. ज्यांच्या मालाचा उठाव सणांवर फारसा अवलंबून नाही, पशुखाद्याच्या व्यापाऱ्यांचा म्हणा, त्यांना याहून अधिक कशाची गरज पडेल असे मला वाटत नाही.

बेदाण्याचे तसे नाही, आणि माझे मत फिरले ते नेमके इथेच. २०२२ मध्ये गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, त्यामुळे गणपतीआधीचा सगळा उठाव ऑगस्टमध्ये पडला. पुढच्या वर्षी अधिक श्रावण आला आणि चतुर्थी १९ सप्टेंबरवर गेली. शीटला मात्र महिना तेवढा कळतो. तिने ऑगस्टचाच चढ दाखवला, मी त्यानुसार पेट्या बाहेर काढल्या, आणि पावसाळी हवेत माल चिकट होऊन रंगाला उतरला. मग मी इंग्रजी महिन्यांऐवजी चांद्रमासांनुसार विक्री मांडून पाहिली, तर अधिकमासामुळे त्या वर्षाचे तेरा महिने झाले आणि बाराच्या आवर्तनाचा मेळ बसेना. गणपती-दिवाळीपुरती काही तडजोड करता आली असती. पण रमजानचा उठावही आमच्याकडे मोठा असतो, आणि २०२३ मध्ये गुढीपाडव्यानंतर दोन दिवसांनी सुरू झालेला रमजान २०२४ मध्ये फाल्गुनात आला. दोन पंचांगे एका स्तंभात बसत नाहीत.

प्रॉफेटला सणांच्या तारखांची यादी वेगळी देता येते आणि सणाआधीचे किती दिवस त्या सणाच्या खाती धरायचे हेही सांगता येते. २०२० च्या टाळेबंदीचे दिवसही असेच वेगळे काढता आले. त्रास नाही असे नाही. मासिक बेरजा बाजूला ठेवून रोजची बिले द्यावी लागली, पहिली मांडणी भाचीने करून दिली, आणि मोजकीच वर्षे हाताशी असताना सणाआधीचे फार दिवस धरले तर एखाद्या वर्षाचा योगायोगही प्रॉफेट नियम मानून बसतो. अंदाजासोबत एक पट्टाही येतो, म्हणजे खरा आकडा शंभरातल्या अमुक वेळा ज्या मर्यादांत पडावा त्या मर्यादा; या पट्ट्यांची तुलना करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की मुळात शीट ९५ टक्क्यांचा पट्टा देते आणि प्रॉफेट ८० टक्क्यांचा. त्यामुळे प्रॉफेटचा पट्टा अरुंद दिसला म्हणून त्याचा अंदाज अधिक पक्का ठरत नाही. अवकाळी पावसाने द्राक्षे गेली तर भाव कुठे जाईल, हे दोघांनाही कळत नाही.

दोहोंतल्या चुकीची टक्केवारी मी काढलेली नाही. माझे माप एवढेच, की प्रॉफेट वापरू लागल्यापासून गणपतीआधी वेळेपूर्वी बाहेर काढलेल्या आणि पडून राहिलेल्या पेट्या बऱ्याच कमी झाल्या. इतरांचा अनुभव निराळा असू शकतो, आणि वर्षातून एकदाच अंदाज लागणाऱ्याने भाचीला कामाला लावण्याआधी जरूर विचार करावा. आम्ही २०२६ च्या तारखाही यादीत भरल्या आहेत: अधिक ज्येष्ठामुळे, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आलेली चतुर्थी यंदा १४ सप्टेंबरला आहे, आणि शीतगृहातून माल काढण्याचे वेळापत्रक त्याप्रमाणे अठरा दिवस पुढे सरकवले आहे.