डायलिसिस, घरच्या माणसाची किडनी की यादीतली किडनी: दहा वर्षं पुढचं बघून केलेली तुलना

किडनी निकामी झाल्याचं कळलं की घरात सगळी चर्चा ऑपरेशनभोवती फिरायला लागते. करायचं की नाही, कोण देणार, पैसे कुठून आणायचे. आमच्याकडेही तसंच झालं. माझा नवरा तेव्हा ३३ वर्षांचा होता. चौदा महिने डायलिसिस चाललं, मग सासूबाईंची किडनी त्याला बसवली. त्याला आता नऊ वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत मला पटलेली गोष्ट ही, की ऑपरेशन हा या सगळ्यातला सर्वांत लहान भाग आहे. पाचव्या आणि दहाव्या वर्षी काय वाट्याला येतं, हे आम्ही आधी विचारलंच नव्हतं. तुम्ही आत्ता त्याच वळणावर असाल, तर आधी तेच विचारा. ही तुलना त्या बाजूने केली आहे.

आयुष्याचा हिशोब

प्रत्यारोपण झालेली माणसं डायलिसिसवरच्या माणसांपेक्षा जास्त जगतात, हे सगळेच सांगतात. पण त्यात एक मेख आहे. ऑपरेशनसाठी निवडलेली माणसं मुळातच जरा धडधाकट असतात, त्यामुळे सरसकट तुलना केली तर ती फसवी ठरते. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ही मेख काढून टाकली होती. त्यांनी प्रतीक्षायादीतल्या लोकांचीच तुलना केली: ज्यांना मृत दात्याची किडनी मिळाली ते, आणि जे अजून यादीत थांबलेले होते ते. किडनी मिळालेल्यांमध्ये दीर्घकाळात मृत्यूचा धोका ६८ टक्क्यांनी कमी निघाला. पुढच्या आयुष्याचा अंदाज यादीत थांबलेल्यांसाठी १० वर्षं होता, किडनी मिळालेल्यांसाठी २०.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र सहसा कोणी सांगत नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत धोका उलट २.८ पट होता. तो हळूहळू उतरतो, आणि दोन्ही गटांतल्या हयात माणसांचं प्रमाण बरोबरीला यायला साधारण आठ महिने लागतात. म्हणजे आधी धोका पत्करायचा आणि फायदा मागाहून घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. ज्याचं हृदय फार कमजोर आहे, ज्याला नुकताच कर्करोग होऊन गेला आहे, किंवा जो वयाने आणि अंगाने खूपच थकलेला आहे, त्याच्यापाशी ते आठ महिने काढायची ताकद आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारावा. अशा माणसासाठी नीट चाललेलं डायलिसिस हा कमीपणाचा पर्याय नाही.

डायलिसिसवरचे दिवस

आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, असं खरं वेळापत्रक आहे. आपल्याकडे खर्चापायी आणि अंतरापायी कितीतरी जण दोनदाच करतात, आणि मधल्या दिवसांत पाणी अंगात साठत राहतं. म्हणून दिवसभराच्या पिण्याला मर्यादा असते. आमच्या ओट्यावर त्यासाठी एक लिटरची स्टीलची बाटली असायची. सकाळी भरायची, आणि चहा असो, आमटी असो, ताक असो, जेवढं पोटात गेलं तेवढं पाणी बाटलीतून ओतून द्यायचं. एप्रिलमध्ये दुपारी तीनलाच ती रिकामी व्हायची. रक्तातलं पोटॅशियम वाढू नये म्हणून नारळपाणी बंद, केळं बंद, भाजी चिरून भिजवायची, उकळून वरचं पाणी फेकून द्यायचं. रात्री मी त्याच्या मनगटावर बोट ठेवून फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी जोडून केलेल्या नसेची, थरथर लागते का ते बघायचे. ती थांबली तर नस बंद पडली असं समजायचं.

घरच्या घरी पोटातून करायचं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, हाही मार्ग आहे. दिवसातून तीन-चारदा साधारण दोन लिटर द्रव पोटात सोडायचा आणि काढायचा. सेंटर लांब असेल तर हे फार सोयीचं पडतं. पण हात आणि जागा स्वच्छ राहिली नाही तर पोटात जंतुसंसर्ग होतो, आणि त्याच भीतीने आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

ज्यांना पुढे प्रत्यारोपण करायचं आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. डायलिसिसवर असताना हिमोग्लोबिन खाली गेलं की रक्त चढवायचं ठरतं. त्या रक्तामुळे शरीरात परक्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ शकतात आणि नंतर जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या इंजेक्शनने भागतंय का, हे आधी विचारावं. आणि डायलिसिसची वर्षं जितकी वाढतात तितका प्रत्यारोपणाचा निकाल खालावतो. दाता तयार असेल तर डायलिसिस सुरू होण्याआधीच केलेलं प्रत्यारोपण सगळ्यात चांगलं.

घरची किडनी आणि यादीतली किडनी

अमेरिकेतल्या नोंदींवरून २०१४ ते २०१७ या काळातल्या प्रत्यारोपणांचा अंदाज असा आहे: जिवंत दात्याच्या किडन्यांपैकी निम्म्या १९ वर्षांपेक्षा जास्त चालतील, मृत दात्याच्या निम्म्या साधारण पावणेबारा वर्षांपेक्षा जास्त. १९९५ ते १९९९ दरम्यान हेच आकडे जवळपास १२ आणि ८ होते, म्हणजे दोन्हीकडे सुधारणा झाली आहे. हे ‘निम्म्यांचे’ आकडे आहेत. तुमची किडनी तीन वर्षांत जाऊ शकते किंवा तीस वर्षंही चालू शकते.

पण ३३ व्या वर्षी किडनी बसवलेल्या माणसाला हा आकडा वेगळं काही सांगतो. एकच किडनी त्याला जन्मभर पुरेलच असं नाही, पन्नाशीच्या आसपास पुन्हा हाच प्रश्न समोर येऊ शकतो. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी निर्णय तोच घेतला असता, पण तयारी वेगळी केली असती.

महाराष्ट्रात मृत दात्यांच्या अवयवांची यादी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्या चालवतात. २०२३ साली केंद्राने नियम सैल केले: नोंदणीसाठी ६५ वर्षांची वयोमर्यादा गेली, राज्याच्या रहिवासाची अट गेली. घरात दाता तपासला जात असतानाही यादीत नाव घालून ठेवावं असं माझं ठाम मत आहे. तपासणीत शेवटच्या टप्प्यावर बाद झालेले दाते मी पाहिले आहेत, आणि वाया गेलेले ते महिने परत मिळत नाहीत.

रक्तगट जुळत नाही म्हणून घरच्या माणसाला लगेच बाद करू नका. माझा गट बी, नवऱ्याचा ओ, म्हणून मला नाही म्हणाले. तेव्हा स्वॅप म्हणजे दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करायची हा मार्ग असतो हे मला माहीत नव्हतं. रक्तगट न जुळताही औषधं आणि रक्तशुद्धी करून प्रत्यारोपण करता येतं, फक्त खर्च आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. बायको रुग्ण आणि नवरा दाता असेल तर आणखी एक तपासणी काळजीने बघावी लागते. गरोदरपणात तिच्या शरीरात नवऱ्याच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार झालेल्या असू शकतात.

बसवलेली किडनी का जाते

एक म्हणजे ती चालू असतानाच माणूस जातो: हृदयविकार, जंतुसंसर्ग, कर्करोग. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या किडनीला वाचवतात आणि बाकीच्या शरीराला उघडं पाडतात. यातल्याच स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस या औषधांमुळे आधी मधुमेह नसलेल्यांनाही मधुमेह होऊ शकतो. नवऱ्याची साखर दुसऱ्या वर्षी वाढली ती वाढलीच. आपल्याकडे क्षयरोगाची भीती पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि त्यावरचं रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी पार खाली आणतं. दोन आठवडे खोकला असेल तर घरगुती उपाय करत बसू नये. ज्या लसींत जिवंत विषाणू असतात त्या ऑपरेशननंतर घेता येत नाहीत, म्हणून लसीकरण आधीच उरकावं.

दुसरं म्हणजे शरीर हळूहळू किडनी नाकारतं. दुखत नाही, ताप येत नाही, लघवीही नीट होते. फक्त क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा, १.२ वरून १.४, मग १.७. यामागे बऱ्याचदा चुकवलेल्या गोळ्या असतात. पहिल्या वर्षी सगळे घड्याळ लावून गोळी घेतात. चौथ्या-पाचव्या वर्षी माणसाला आपण बरे झालो असं वाटायला लागतं, आणि खरा धोका तिथे सुरू होतो. आमच्या घरात सकाळी आठ आणि रात्री आठला दोन फोन वाजतात, लग्नाच्या पंगतीतही.

टॅक्रोलिमसची पातळी बघायचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं, आदल्या गोळीला बारा तास झाल्यावर. तिसऱ्या वर्षी एकदा पातळी भलतीच वाढलेली आली आणि डॉक्टर डोस कमी करायला निघाले. मी नवऱ्याला विचारलं, रक्त कधी दिलंस? तर लॅबमध्ये गर्दी असते म्हणून हा गोळी घेऊनच गेला होता. डोस कमी झाला असता तर चांगली चाललेली किडनी आम्ही आमच्या हाताने धोक्यात घातली असती.

तसंच पपनसाचं. ग्रेपफ्रूट खाऊ नका, असं आहाराच्या कागदावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे ग्रेपफ्रूट कोण खातं? पण त्याचंच भावंड असलेलं पपनस गणपतीत घरोघरी येतं, आणि त्यानेही टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढू शकते. हे आम्हाला पाचव्या गणपतीत कळलं. डोकेदुखीवरच्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे हेही विचारल्याशिवाय घेऊ नयेत. इथे प्रतिकारशक्ती वाढवायची नसते.

या सगळ्याच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही सांगते. ती बाटली गेली. डॉक्टर आता भरपूर पाणी प्यायला सांगतात. तो पूर्ण वेळ नोकरी करतो. तरुण स्त्रियांची पाळी नियमित होते आणि साधारण वर्षभरानंतर, प्रतिकारशक्ती दाबणारी मायकोफेनोलेट ही गोळी आधीच थांबवून औषधं बदलून, मूल होऊ शकतं. डायलिसिसवर हे फार क्वचित घडतं.

पैसा

डायलिसिस सरकारी योजनांतून मोफत होऊ शकतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली. पण ऑपरेशनला मदत करणाऱ्या संस्था, नातेवाईक, ऑफिसातले लोक दहाव्या वर्षीच्या गोळ्यांना मदत करायला नसतात. गोळ्या आणि तपासण्यांचा खर्च दर महिन्याला काही हजारांत जातो आणि तो कधीच थांबत नाही. पैसे जमवताना निम्मे पुढच्या औषधांसाठी वेगळे ठेवता आले तर ठेवा.

देणाऱ्याचं काय

या भागावर सगळ्यात कमी बोललं जातं. भारतात २०१९ ते २०२३ या काळात जिवंत दात्यांपैकी सुमारे ६३ टक्के स्त्रिया होत्या. आमच्याकडेही ‘मी देते’ म्हणणाऱ्या आम्ही दोघीच होतो. नात्यातल्या पुरुषांची साधी रक्तगटाची तपासणीही झाली नाही, आणि तेव्हा त्यात मला काही वावगंही वाटलं नव्हतं. याची मला आजही खंत आहे.

देणं बऱ्यापैकी सुरक्षित आहे, हे खरं. उरलेली किडनी वाढून बरंचसं काम अंगावर घेते. ऑपरेशनमुळे मृत्यू दहा हजारांत तीन किंवा त्याहून कमी. पुढे स्वतःची किडनी निकामी होण्याचा जन्मभराचा अंदाज, अमेरिकेतल्या २०१४ च्या अभ्यासानुसार, दहा हजार दात्यांमागे ९० आणि तितक्याच निरोगी पण न दिलेल्यांमागे १४. म्हणजे धोका थोडा आहे पण आहे, आणि देणाऱ्याला हा आकडा सही करण्याआधी कळायला हवा. तरुण मुलगी किंवा बहीण देणार असेल तर आणखी एक: पुढच्या बाळंतपणात रक्तदाब वाढण्याचं प्रमाण दात्या स्त्रियांत ११ टक्के आढळलं, इतरांत ५.

नवऱ्याला दर तीन महिन्यांनी हॉस्पिटलचा फोन येतो. सासूबाईंना पहिल्या वर्षानंतर एकदाही आला नाही. सहाव्या वर्षी त्यांना चक्कर आली तेव्हा रक्तदाब १७० होता. आता त्यांचीही वेगळी फाइल आहे: वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, रक्तदाब. तारीख आम्ही नवऱ्याच्या तपासणीच्या दिवशीच धरतो, म्हणजे दोघं एकाच रिक्षाने जातात.