नवा एअरब्रश (हवेने रंग फवारणारा), एचओ स्केलच्या, म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेगाड्यांसाठी
ड्युअल ॲक्शन, ग्रॅव्हिटी फीड (रंगाचा कप वर, रंग आपोआप खाली उतरतो), ०.३ एमएमची नोझल. ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग, त्यामुळे १:८७ च्या इंजिनावर वेदरिंग, म्हणजे वापरून मळल्यासारखा रंग देणं, मस्तच जमतं, चाकांजवळची धूळ, छपरावरची काजळी, आणि थर पातळ बसतो म्हणून रिव्हेट्सचे बारीक उंचवटे पण बुजत नाहीत, साध्या ब्रशने हमखास बुजतात ना. ॲक्रिलिक मात्र दुधाइतकं पातळ करायचं, प्रेशर १५ ते २० पीएसआय, नाहीतर सुईच्या टोकावर रंग वाळतो नि मग नुसता थुंकत बसतो. साफसफाईचा कंटाळा असेल तर घेऊच नका, खरंच सांगतो, प्रत्येक रंगानंतर कप धुवा, सुई पुसा. नोझल एवढीशी की खोलताना हरवायचीच भीती! कप जरा छोटा आहे, गाडीचा अख्खा डबा रंगवायचा तर मधेच परत भरावा लागतो.