वीज-मॉनिटर काही महिने वापरल्यावर: रात्रीचा आकडा कामाचा, बाकीचं तपासून घ्या

निकाल आधीच सांगते. डीबीत (घरातल्या विजेच्या मुख्य बोर्डात) बसवलेला मॉनिटर मी काढणार नाही. पण ज्या गुणासाठी तो विकला जातो, म्हणजे ‘कोणतं उपकरण किती वीज खातं ते आपोआप ओळखतो’, त्या गुणासाठी घेणार असाल तर थांबा. ते काम त्याला अर्धवटच जमतं. त्याचा खरा उपयोग वेगळा निघाला आणि तो खोक्यावर कुठेच लिहिलेला नव्हता: सगळे झोपलेले असताना घर किती वीज ओढतं, तो आकडा.

कंपनीचं नाव देत नाही, कारण खाली लिहिलेलं बरंचसं या जातीच्या कुठल्याही मॉनिटरला लागू पडेल. तळहातावर मावणारी डबी, एमसीबीच्या (प्रत्येक सर्किटच्या आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) शेजारी रेलवर बसते. व्होल्टेज थेट तारेने घेते, करंट मोजायला तीन क्लॅम्प: एक मेन लाइनवर, एक गीझरच्या सर्किटवर, एक लाइट-पंख्यांच्या. वायफायवरून दर सेकंदाला वॉटचा आकडा ॲपवर येतो. जोडीला सॉकेटमध्ये लावायचा एक साधा प्लग-मीटरही वापरला. तो स्वस्तातला आहे आणि प्रत्येकाकडे असावा असं माझं मत झालंय.

बसवणं दिसायला सोपं. क्लॅम्प म्हणजे उघडमिट करता येणारा करंट ट्रान्सफॉर्मर. आपली तार हा त्याचा एकच वेढा, आत बारीक तारेचे हजारो वेढे. १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर देणाऱ्या क्लॅम्पमध्ये ते २००० असतात. तार कापावी लागत नाही, ही त्याची खरी गंमत. पण फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लॅम्पमध्ये घेतल्या तर दोघींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि आकडा शून्य येतो. म्हणून केबलवर बाहेरून अडकवून चालत नाही, बोर्डच्या आत एकटी फेजची तार शोधावी लागते. क्लॅम्पचे दोन्ही ओठ पूर्ण मिटले पाहिजेत. मध्ये धूळ किंवा तारेचं आवरण अडकून केसभर फट राहिली तरी आकडा कमी दिसतो. क्लॅम्प तारेवर असताना त्याची पिन डबीतून उपसू नका. आतल्या बारीक वेढ्यांचं सर्किट उघडं पडलं की तिथे धोकादायक व्होल्टेज तयार होऊ शकतं. काही क्लॅम्पमध्ये संरक्षण आतच दिलेलं असतं, पण त्या भरवशावर राहू नये. आणि मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूला येणाऱ्या तारा जिवंतच असतात. इलेक्ट्रिशियनला बोलवा, एवढंच.

आता अचूकपणाकडे. मॉनिटर खरं बोलतो का, हे बघायला वेगळं उपकरण लागत नाही, आपला मीटर पुरतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी प्रत्येक युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं. माझ्या मीटरवर ३२०० आहे. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, तेव्हा प्रत्येक लुकलुकीमागे ११२५ ज्यूल. दोन लुकलुकींमध्ये जितके सेकंद जातात त्यांनी ११२५ ला भागलं की त्या क्षणाचे वॉट मिळतात. सव्वादोन सेकंद गेले तर लोड ५०० वॉट. स्टॉपवॉचने एकाऐवजी दहा लुकलुकी मोजा आणि सरासरी काढा, म्हणजे हाताच्या उशिराची चूक विरून जाते.

या कसोटीत गीझर चालू असताना मॉनिटर आणि मीटर जवळजवळ हातात हात घालून चालले, एक-दोन टक्क्यांचा फरक. रात्री मात्र, फक्त राउटर आणि एक-दोन पंखे चालू असताना, मॉनिटर भरकटायचा. कारण साधं आहे. १०० अँपिअरसाठी बनवलेल्या क्लॅम्पला तुम्ही पाव-अर्धा अँपिअर मोजायला सांगताय. शिवाय क्लॅम्पमधून येणारा करंट मूळ करंटच्या किंचित पुढे-मागे असतो. २ अंशांचा फरक धरा (करंटचं एक पूर्ण आवर्तन ३६० अंशांचं). गीझरसारख्या शुद्ध हीटरवर, जिथे पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअर यातला खऱ्या वॉटचा वाटा) १ आहे, त्याने हजारात एकाचीही चूक होत नाही. पण पॉवर फॅक्टर ०.५ असलेल्या, हलक्या लोडवर फिरणाऱ्या मोटरवर तेच २ अंश सुमारे ६ टक्क्यांची चूक करतात. म्हणजे एकच क्लॅम्प गीझरपाशी सज्जन आणि मोटरपाशी लबाड. अचूकतेचा जो एक आकडा खोक्यावर छापलेला असतो, तो कुठल्या लोडवरचा हे कोणी सांगत नाही.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. लहान सर्किटची तार क्लॅम्पमधून एकदा न्यायच्या ऐवजी तीन-चार वेढे मारून न्यायची. क्लॅम्पला करंट तितक्या पट दिसतो, सेटिंगमध्ये तितक्यानेच भागायचं. लाइटच्या सर्किटवर हे करून घेतल्यावर रात्रीचा आकडा मीटरशी बराच जुळायला लागला. तार तेवढी लांब हवी, ही एकच अट.

इथे एक इशारा. काही स्वस्त मॉनिटर व्होल्टेज मोजतच नाहीत. फक्त करंट मोजतात, व्होल्टेज ठरावीक धरतात आणि गुणाकार करून ‘वॉट’ म्हणून दाखवतात. ते वॉट नसतात, व्होल्ट-अँपिअर असतात. एलईडी दिवे, अ‍ॅडॉप्टर, जुन्या मोटरी यांचा पॉवर फॅक्टर कमी असला तर असा मॉनिटर जवळपास दुप्पटही दाखवू शकतो. घरी सोलर असेल तर आणखी पंचाईत: व्होल्टेजचा संदर्भ नसताना वीज आत येतेय की बाहेर जातेय हेच कळत नाही. दुपारी तुम्ही ग्रिडला वीज देत असता आणि ॲप ती खर्चात धरतं. घेण्याआधी एवढंच विचारा: हा व्होल्टेज मोजतो का?

आणि यात नवल असं की खरे वॉट मोजायचा हा प्रश्न सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच सुटलेला होता. एडिसनचा सुरुवातीचा मीटर रासायनिक होता. झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या, त्यातून करंटचा थोडा भाग जाणार, महिन्याअखेर माणूस येऊन पट्ट्या काढणार, तोलणार, वजनातल्या फरकावरून बिल. ग्राहकाला स्वतःला काही वाचता यायचं नाही, आणि व्होल्टेजचा त्यात विचारच नव्हता. मग १८८९ साली हंगेरीतल्या गांझ कारखान्याच्या ओटो ब्लाथीने प्रत्यावर्ती प्रवाहासाठी, म्हणजे आज घरात येते तशा विजेसाठी, फिरत्या चकतीचा मीटर आणला. जुन्या घरांत आपण पाहिलेली ती ॲल्युमिनियमची चकती त्याच घराण्यातली. एक कॉइल व्होल्टेजची, एक करंटची, आणि दोघींच्या ओढीने चकती फिरते. करंट व्होल्टेजच्या मागे पडला की ओढही तेवढी कमी होते, म्हणून चकती खरे वॉटच मोजते. ना चिप, ना प्रोग्रॅम. आज ‘स्मार्ट’ म्हणून विकली जाणारी काही खेळणी त्या चकतीपुढे नापास होतील.

मॉनिटर आणि मीटर जुळले नाहीत की लोकांना लगेच मीटरचा संशय येतो. घरगुती मीटर बहुधा १ किंवा २ टक्क्यांच्या वर्गातला, तपासून शिक्का मारलेला असतो. आधी क्लॅम्पवर संशय घ्या. मीटर कधीच चुकत नाही असंही नाही. २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले, तेव्हा डिमरवर चालणाऱ्या दिव्यांसारख्या झटक्याझटक्याने करंट घेणाऱ्या लोडवर काही मीटरनी ५८२ टक्क्यांपर्यंत जास्त दाखवलं, तर काहींनी ३२ टक्क्यांपर्यंत कमी. करंट मोजायला जास्त दाखवणाऱ्यांत रोगोव्स्की कॉइल होती, कमी दाखवणाऱ्यांत हॉल सेन्सर; ही करंट मोजायच्या दोन वेगळ्या साधनांची नावं. पण ते लोड मुद्दाम वाकडे निवडलेले होते. ते आकडे घेऊन आपल्या बिलावर भांडायला जाऊ नये.

आता ‘आपोआप ओळखणं’. कल्पना जुनी आणि सुंदर आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९८० च्या दशकात जॉर्ज हार्ट यांनी मांडली: मेन लाइनवर एकाच जागी मोजायचं, आणि उपकरण चालू-बंद होताना लोडमध्ये जी पायरी पडते तिच्या उंचीवरून ते कोणतं हे ओळखायचं. २००० वॉटची पायरी चढली की गीझर, सव्वाशेची चढली आणि थोड्या वेळाने तेवढीच उतरली की फ्रिज. साध्या, चालू-बंद होणाऱ्या उपकरणांना हे उत्तम चालतं. माझ्याकडे गीझर आणि इस्त्री पहिल्या आठवड्यातच ओळखले गेले.

गाडी अडते ती इन्व्हर्टर एसी आणि इन्व्हर्टर फ्रिजपाशी. त्यांना पायरी नसतेच, उतार असतो. कॉम्प्रेसर हळूहळू वेग वाढवतो, हळूहळू कमी करतो, आणि ॲप बघत बसतं. वॉशिंग मशीन तर पाणी तापवताना एक, ड्रम फिरवताना दुसरं आणि पिळताना तिसरंच उपकरण वाटतं. टीव्ही, लॅपटॉप, चार्जर एकमेकांत मिसळून जातात. ॲप मधूनमधून विचारायचं, ‘हे तुमचं कोणतं उपकरण?’ आणि पर्याय द्यायचं मिक्सर किंवा पंप. त्या वेळी दोन्ही बंद असायचे. इतके महिने झाले तरी खर्चाच्या चकतीतला सगळ्यात मोठा तुकडा ‘इतर’ हाच आहे. या एका गोष्टीसाठी वरच्या मॉडेलचे जादा पैसे मोजू नका. त्याच पैशांत दोन जादा क्लॅम्प घ्या आणि हवं ते सर्किट सरळ मोजा. ओळखण्यापेक्षा मोजणं केव्हाही बरं.

रात्रीच्या आकड्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण मॉनिटरने माझे पैसे तिथेच वसूल करून दिले. पहाटे तीनच्या सुमाराचा आलेख उघडा. सरासरी बघू नका, फ्रिजचा कॉम्प्रेसर तिला वर ओढतो. कॉम्प्रेसर थांबलेला असतानाचा तळ बघा. माझ्याकडे पंखे वजा जाता तो १४० वॉटच्या आसपास होता. वर्षभर अखंड चालणारा १ वॉट म्हणजे ८.७६ युनिट, त्या हिशोबाने १४० वॉटचे वर्षाला बाराशेच्या वर युनिट होतात, आणि त्या वेळी घरात कोणी काहीही वापरत नसतं!

मग एकेक एमसीबी पाडत ॲपकडे बघत बसायचं. दर सेकंदाला आकडा येण्याचा फायदा इथे कळतो. ज्या मॉनिटरचा आकडा पंधरा मिनिटांनी येतो त्याच्यासोबत हे करता येणार नाही. सर्किट सापडलं की पुढचं काम प्लग-मीटरचं. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी चालू असताना घेतो जवळपास तेवढीच वीज घेत होता, फक्त दिव्याचा रंग बदलायचा. यूपीएस, ज्याला आता कोणी कॉम्प्युटर जोडलेलाच नव्हता, बॅटरी भरत राहण्यात वीस वॉटच्या वर घालवत होता. स्पीकरचा ॲम्प्लिफायर शांतपणे गरम. हे तिघे हटवल्यावर तळ ९० वर आला, म्हणजे वर्षाला चारशेच्या वर युनिट वाचले. उलट मोबाइलचा चार्जर रिकामा सॉकेटमध्ये राहिला म्हणून घरात जी बोलणी खावी लागतात ती व्यर्थ आहेत. आजचा चांगला चार्जर रिकामा असताना वॉटचा किरकोळ अंश घेतो, प्लग-मीटरला तो दिसतही नाही. (प्लग-मीटर एक-दोन वॉटच्या खाली फारसा विश्वासू नसतो, हेही लक्षात ठेवा.)

आलेखाच्या आकाराने आणखी एक उपकार केला. फ्रिजचे चालू-बंदचे टप्पे नियमित दिसायचे. मग ‘चालू’ लांबत गेला आणि ‘बंद’ आखडत गेला. बाहेर हवा तशीच होती. दाराचं रबर एका कोपऱ्यात सैल झालं होतं. महिन्याच्या बिलात हे कधी दिसलंच नसतं.

तक्रारी आहेतच. वायफाय गेलं की तेवढ्या वेळची नोंद गायब, डबीत साठवण नाही. सगळा डेटा कंपनीच्या सर्व्हरवर जातो, आणि कंपनीने उद्या सर्व्हर बंद केला तर डबी नुसती डबी उरेल. पुढच्या वेळी मॉडबस किंवा एमक्यूटीटीने (उपकरणांनी एकमेकांना आकडे पाठवायच्या खुल्या पद्धतींनी) घरातल्या घरात आकडे देणाराच घेईन. दर सेकंदाचा आलेख बघून घरचे कधी उठतात, कधी गावाला गेलेत, रात्री कोण जागं असतं हे सगळं कळतं. खुद्द हार्ट यांनीच १९८९ मध्ये या तंत्राने पाळत ठेवता येईल असं लिहून ठेवलंय. ॲपच्या परवानग्या वाचूनच ‘मान्य’ दाबा. ‘या महिन्यात तुम्ही इतकं वाचवलं’ अशा सूचना मी बंद केल्यात. ढग येऊन गारवा झाला तरी ॲप त्याचं श्रेय स्वतःकडे घेतं.

लाइटच्या सर्किटवर वेढे मारून काम चाललंय, पण बोर्डात गर्दी झाली आहे. तिथे लहान क्षमतेचा क्लॅम्प घालून १०० अँपिअरवाला एसीच्या सर्किटवर हलवायचा विचार आहे. इलेक्ट्रिशियनने पुढच्या आठवड्यात यायचं कबूल केलंय.